चालू इंजिनातली काडी

"वस्ताद, एवढ्या दांडग्या गाडीत ऑईल टिपूसभर न्हाई. असं कसं हो?"

तेल बघायची काडी उजेडाला धरून नंदू विचारत होता. काडी कोरडी ठणठणीत होती.

वस्ताद बाजेवर मांडी घालून बसले होते. डोळे मिटलेले.

"भिंत काय म्हणती?"

"भिंतीवरचं सगळं केलं. गाडी बंद हाय. इंजिन गार हाय. जागा सपाट हाय, गोटी ठिवून बगितली. काडी पुसून दोनदा घातली."

"मग?"

"मग... कमीच हाय."

"मग?"

"घालतो."

वस्तादांनी डोळे उघडले, गाडीकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा मिटले.

"घाल."

ते 'घाल' ऐकलं आणि मी कान टवकारले. वस्ताद एका शब्दात होकार देतात तेव्हा हमखास काहीतरी बिनसलेलं असतं. एरवी हे नंदूलाही कळलं असतं. पण त्या दिवशी त्याचं सगळं ध्यान फडक्याकडे होतं.

फडक्याचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

दौलत शिकलगार यांचं गॅरेज कोल्हापुरात. आता कोल्हापुरात वस्ताद असतो तो तालमीत, गॅरेजात नव्हे. पण शिकलगार तरुणपणी कुस्ती खेळायचे, आणि पुढं गॅरेजही त्यांनी तालमीसारखंच चालवलं. पहाटे सहाला हजर. आधी झाडलोट. चुकला की बैठका. त्यामुळं गिऱ्हाईकंसुद्धा त्यांना वस्ताद म्हणू लागली.

त्यांच्या डाव्या खांद्यावर कायम एक फडकं असायचं. जुन्या लुंगीचा चौकड्याचा तुकडा. शागीर्द तयार झाला असं वाटलं की ते फडकं काढून त्याच्या खांद्यावर टाकायचं, एवढाच त्यांचा दाखला. ना सही, ना शिक्का, ना फोटो. पस्तीस वर्षांत असे तिघं झाले. एकाचं गॅरेज सांगलीत, दुसऱ्याचं बेळगावात, आणि तिसरा दुबईला गेला. तो म्हणे ते फडकं पासपोर्टसोबत कपाटात ठेवतो.

चौथा होऊ घातला होता अभिनंदन चौगुले, म्हणजे आमचा नंदू.

नऊ वर्षं झाली होती त्याला. हात सोन्याचा. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगायचा. पण हुशारीला थोडी शेखी चिकटलेली होती. नऊ वर्षांत त्याला एकही बैठक मारावी लागली नव्हती, आणि हे तो विचारणाऱ्याला सांगायचा, न विचारणाऱ्यालाही सांगायचा.

जयसिंगपुरात त्यानं शेड भाड्यानं घेतली होती. पाटी रंगवून तयार होती. 'मिस्त्री अभिनंदन चौगुले.' मला माहीत आहे, कारण रंगवली मीच. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. दिवाळीपासून ती पाटी माझ्याच पलंगाखाली तोंड फिरवून पडली होती. नंदूला कुणी अडवलेलं नव्हतं. पण वस्तादांचं फडकं खांद्यावर आल्याशिवाय पाटी लावायची त्याची स्वतःचीच छाती होत नव्हती.

गॅरेजच्या भिंतीवरची लाल अक्षरंही माझीच. माझी स्कूटर त्या गॅरेजची कायमची माहेरवाशीण, त्यामुळं असली कामं माझ्याकडंच यायची. वस्तादांनी सांगितलं तसं लिहून दिलं होतं:

गाडी बंद. इंजिन गार. जागा सपाट.

काडी पुसा, पुन्हा घाला, मग बघा.

चालू इंजिनात काडी घालणारास पन्नास बैठका.

आणि ही गाडी मृणाल सरनोबतची. मृणाल दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांचे दात काढायची आणि रविवारी घाटातल्या शर्यतीत गाडी पळवायची. गाडी परदेशी, जुनी, पिवळीधमक, आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं वाटायचं. इंजिन मागच्या बाजूला. सोबतची पुस्तिका परक्या भाषेतली, तिच्यातली नंदूनं फक्त चित्रं बघितलेली.

सोमवारी वस्ताद म्हणाले होते, "ही गाडी नंदू एकटा तयार करंल. मी हात लावणार न्हाई. जमलं तर फडकं त्येचं."

आज शुक्रवार. गॅरेजला सुट्टी, म्हणून आम्ही चौघंच होतो. जुम्म्याच्या नमाजाला निघायच्या आत वस्तादांना गाडी तयार झालेली बघायची होती. शर्यत परवावर आली होती.

नंदूनं लिटरभर ऑईल घातलं. थांबला. काडी पुसून घातली.

कोरडी.

अजून लिटरभर घातलं. काडीच्या टोकाला जेमतेम थेंब लागला.

तिसरा डबा उघडायला त्यानं हात घातला तेव्हा बाजेवरून आवाज आला.

"बास. आता चालू कर."

"पण वस्ताद, अजून कमी..."

"चालू कर."

मृणालनं चावी फिरवली. इंजिन गुरगुरलं. दोन-चार मिनिटं सगळं ठीक होतं. नंदूनं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या.

मग मागून धूर आला. आधी निळसर रेघ. मग लोट. बघता बघता गॅरेज भरून गेलं, मला माझी स्कूटर दिसेना, आणि मृणाल विहिरीतून बाहेर यावी तशी खोकत बाहेर आली.

"बंद कर, बंद कर!" नंदू ओरडला आणि त्यानंच आत वाकून गाडी बंद केली.

धूर हळूहळू विरला. वस्ताद बाजेवर तसेच बसलेले, डोळे पुसत.

मृणालचा चेहरा उतरला होता. "वस्ताद, खरं सांगा. इंजिन गेलं का? दुसरी गाडी नाही माझ्याकडे. परवाची शर्यत गेली म्हणजे वर्ष गेलं."

"न्हाई गं बाळ. जास्तीचं झालं म्हणून खोकलं. तेवढ्यानं मरत न्हाई."

"जास्तीचं?" नंदू म्हणाला. "काडी कोरडी हुती! तुमच्यासमोर पुसली. भिंतीवरचं एक अक्षर मी चुकलेलो न्हाई."

"न्हाई चुकलास."

"मग धूर का?"

"म्या त्येच इचारतोय."

नंदूचे कान लाल झाले. काहीतरी बोलणार होता, पण नजर वस्तादांच्या खांद्यावर गेली आणि त्यानं काडी पुन्हा पुसायला घेतली. फडकं हातातोंडाशी आलं होतं आणि निसटत होतं. मला त्याची कीव आली, आणि खरं सांगायचं तर थोडी गंमतही वाटली.



"नंदू, घरात म्हशी किती?" वस्तादांनी विचारलं.

"आं?"

"म्हशी. किती हायत?"

"पाच."

"कशावरनं?"

"कशावरनं म्हंजे? मोजल्यात."

"कवा मोजल्यास?"

"धारंच्या वक्ताला. तवा सगळ्या गोठ्यात असत्यात."

"दुपारी बाराला गोठ्यात जाऊन मोजल्यास तर?"

"दुपारी?" नंदू वैतागला. "दुपारी कुठल्या गोठ्यात? एखादी रानात, एखादी वड्यात डुंबत. गोठा मोकळाच असतोय."

"बरं. आनि मोकळा गोठा बगून तू बाजारात गेलास. दोन म्हशी इकत आणल्यास. तर?"

"तर संध्याकाळी गोठ्यात मावायच्या न्हाईत. भाईर..."

नंदू थांबला.

त्यानं गाडीकडं बघितलं. वर अजून तरंगत असलेल्या धुराकडं बघितलं. मग पोतं टाकलं आणि गाडीखाली सरपटत शिरला.

खालून टकटक ऐकू येत होती. एका नळीवर, मग दुसऱ्या नळीवर. थोड्या वेळानं आवाज आला, पण तो आम्हाला उद्देशून नव्हता. माणूस स्वतःशी बोलतो तसा होता.

"टाकी येगळी हाय. ऑईलची टाकी इंजिनाच्या पोटात न्हाई, बाजूला हाय... काडी ह्या टाकीत जाती... गाडी बंद झाली की ऑईल हितनं खाली उतरतंय, इंजिनात... आनि गाडी चालू झाली, गरम झाली की ह्यो पंप ते वडून परत टाकीत आणतोय."

तो बाहेर आला. नाकावर काळा डाग.

"ऑईल कमी नव्हतंच, ताई," तो मृणालला म्हणाला. "रानात गेलं हुतं."

मृणालला हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

नंदूनं आपण घातलेलं दोन लिटर ऑईल मापात काढून घेतलं. मग तो तिच्या शेजारी बसला आणि दोघं गाडी घेऊन कळंबा तलावापर्यंत जाऊन आले. सुरुवातीला थोडा धूर झाला, मग थांबला, असं मृणालनं सांगितलं. परत आले तेव्हा इंजिन चांगलं तापलेलं होतं. गोटी ठेवलेल्या सपाट जागेवर गाडी आणून लावली. इंजिन चालूच ठेवलं.

नंदूनं काडी हातात घेतली.

आणि भिंतीकडं बघितलं.

तिसरी ओळ. माझंच अक्षर, पण त्या क्षणी मलाही ते फार मोठं दिसलं.

ती ओळ नंदू नव्या शागिर्दांना स्वतः वाचून दाखवायचा. किती जणांना त्यानं पन्नास-पन्नास बैठका मारायला लावल्या होत्या. एकदा तर मलाही धमकी दिली होती, स्कूटरबद्दल.

"वस्ताद."

"हं."

"चालू इंजिनात काडी घालू?"

"भिंतीला इचार."

"भिंत नको म्हणती."

"मग नको घालू."

"पन गाडी..."

"गाडीला इचार."

"गाडी घाल म्हणती."

"मग घाल."

"अवो, मग मी करू काय?"

वस्तादांनी डोळे मिटून घेतले.

इंजिन धडधडत होतं. मृणाल एकदा नंदूकडं, एकदा वस्तादांकडं बघत होती.

नंदू बाजेजवळ गेला. आवाज उतरला होता. "वस्ताद, तुमी हुकूम द्या. तुमच्या हुकमानं घातली म्हंजे चूक ठरत न्हाई. नऊ वर्षांत माझी एक बैठक न्हाई, तुमाला म्हाईत हाय."

"म्हाईत हाय की. सगळ्या कोल्हापूरला म्हाईत हाय."

"मग द्या की हुकूम."

"दिला असता," वस्ताद म्हणाले. "पन मग गाडी कुणी तयार केली?"

नंदू हातातल्या काडीकडं बघत उभा राहिला.

मी मनातल्या मनात दोन्ही बाजू तोलून बघितल्या. काडी घालावी तर नऊ वर्षांची फुशारकी जाणार. न घालावी तर मृणालनं परवा घाटात अंदाजानं गाडी न्यायची, आणि इंजिन वाटेत राम म्हणालं तर कपाळाला हात लावायचा. दोन्हीकडं फडकं मिळायची खात्री नव्हतीच. वस्तादांच्या चेहऱ्यावरून काही वाचावं म्हटलं तर तो मिटलेल्या पुस्तकासारखा.

नंदू गाडीकडं परतला.

त्यानं काडी पुसली. टाकीत घातली. बाहेर काढली. पुन्हा पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली आणि उजेडाला धरली. इंजिन चालू.

तेल दोन खुणांच्या बरोबर मध्ये होतं. मधासारखं चकाकत.

"थेंबभर कमी न्हाई, थेंबभर जास्त न्हाई," तो म्हणाला. मग मृणालकडं वळला. "ताई, गाडी तयार. परवा बिनघोर जावा."

मृणालनं चक्क टाळी वाजवली.

नंदूनं इंजिन बंद केलं. झाकण लावलं. काडी जागेवर ठेवली. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, भिंतीसमोर जाऊन उभा राहिला, दोन्ही हात पुढं धरले आणि खाली बसला.

उठला.

"एक."

"अरे, हे काय?" मृणाल म्हणाली. "तू बरोबरच केलंस की!"

"गाडीचं झालं, ताई," नंदू म्हणाला. "भिंतीचं ऱ्हायलंय. दोन."

तिनं वस्तादांकडं बघितलं. "अहो, थांबवा ना त्याला."

वस्तादांनी थांबवलं नाही. पण डोळे उघडे होते. त्या सकाळी पहिल्यांदाच ते सरळ, पूर्ण उघड्या डोळ्यांनी नंदूकडं बघत होते.

पंधरापर्यंत नंदू ऐटीत होता. विसाव्याला ऐट गेली. सत्ताविसाव्याला पाय लटपटायला लागले. बैठका मारायला लावणं वेगळं आणि मारणं वेगळं, हे त्याच्या मांड्यांना नऊ वर्षांनी कळत होतं.

"एकतीस," मृणालच मोजायला लागली. त्याच्यात बोलायचं बळ नव्हतं.

"तेहतीस," मी म्हणालो.

"बत्तीस," भिंतीकडं तोंड करून नंदू धापा टाकत म्हणाला. "मास्तर... सूट देऊ नगासा."

शिक्षकाला असं कुणी गणितात पकडू नये.

चाळिसाव्याला तो भिंतीला हात लावून थांबला, आणि हात काढून पुन्हा बसला. एकोणपन्नास झाल्या. पन्नासाव्याला तो उठेल असं मला वाटलं नाही.

उठला.

"पन्नास," मृणाल ओरडली.

नंदू तिथंच फरशीवर बसला, भिंतीला पाठ लावून. घामानं न्हालेला. आणि हसत होता. नऊ वर्षांत त्याला असं हसताना मी बघितलं नव्हतं. एरवीचं त्याचं हसणं कुणाच्या तरी चुकीवर असायचं.

वस्ताद बाजेवरून उतरले. गुडघे करकरले. सावकाश चालत त्याच्यापुढं आले. डाव्या खांद्यावरचं फडकं काढलं, एकदा झटकलं.

नंदूनं घाम पुसायला म्हणून हात पुढं केला.

वस्तादांनी ते त्याच्या हातात दिलं नाही. वाकले आणि त्याच्या डाव्या खांद्यावर ठेवलं. नीट घडी घालून.

नंदूला कळायला क्षणभर लागला. मग त्यानं वस्तादांच्या पायांवर डोकं टेकलं आणि हुंदके देऊन रडला. मृणालनं तोंड दुसरीकडं फिरवलं. मी माझ्या स्कूटरकडं बघत राहिलो, पण स्कूटरही नीट दिसत नव्हती. या वेळी धूर नव्हता.

वस्ताद त्याच्या पाठीवर थाप मारून आत गेले. हातपाय धुऊन, डोक्यावर टोपी घालून बाहेर आले. नमाजाची वेळ होत आली होती. रिकाम्या खांद्याकडं त्यांचा हात सवयीनं एकदा गेला आणि परत आला.

ते दारात पोचले तेव्हा नंदू कसाबसा उभा राहिला होता. पाय अजून थरथरत होते, पण मिस्त्री झालेला माणूस गप्प कसा बसेल?

"वस्ताद, मास्तर हायतच हितं. ती तिसरी ओळ पुसून घेऊ का? न्हाईतर बदलून घेऊ. अशा गाड्यांना ती चालत न्हाई."

मी ब्रश कुठं ठेवलाय ते आठवायला लागलो होतो.

वस्तादांनी चपला पायात सरकवल्या. भिंतीकडं पाहिलं. मग नंदूकडं.

"ऱ्हाऊ दे."

"का वो?"

"फुडच्यानं मग मोडायचं काय?"